चार दिव्यांची एक तार

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९५७. चामोर्शी

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवं मनगट बांधलंय. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं.

काल संध्याकाळी घोटच्या रस्त्यावर मागून बांबूची लॉरी लागली. मी साइडकारमधून उडून धानाच्या बांधीत पडले. करीमभाई गाडीखाली. उजवा पाय.

दोघंही जिवंत. आज एवढंच.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

अजून डावाच हात, पण नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

घोटच्या पलीकडून बाळंतपण आटोपून येत होतो. पहिलटकरीण, मुलगी झाली, दोघी ठीक. सहाचा सुमार. आभाळात उजेड होता, खाली झाडांमुळे रस्ता अंधारलेला. पुढे धानाचे भारे लादलेल्या दोन बैलबंड्या. करीमभाईंनी ब्रेक दाबला. मागून घरघर, हॉर्न, आणि मग माझ्या तोंडात माती.

लॉरीवाल्याने शेवटच्या घडीला चाक उजवीकडे ओढलं. नाही तर आम्ही दोघं लॉरीखाली होतो. लॉरीचा कोपरा आमच्या हँडलला लागला आणि त्याची लॉरी पुढे जाऊन मोहाच्या झाडाला टेकली. बिचारा उतरून धावत आला. बंडीवाल्यांनी गाडी उचलली, क.भाईंना बाहेर काढलं. त्यातल्या एकाने स्वतःचं धोतर फाडून दिलं, मी एका हाताने आणि दातांनी पाय बांधला. नाव विचारायचं राहिलं त्या माणसाचं.

लॉरीतच आम्हाला दवाखान्यात आणलं. बैलाच्या चालीने हाकली त्याने. वाटभर एकच म्हणत होता, “दुरून लाल टिपका दिसत होता जी. मंग दिसेनासा झाला. मले वाटलं गाडी वळली कुठी तरी.”

आणि क.भाई शुद्धीत आले की, “दिवा लागला होता बाई. निघताना मी पाह्यला. अल्लाकसम लागला होता.”

डॉक्टरसाहेबांनी फळ्या बांधल्या. काल सकाळी त्याच लॉरीतून चांद्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सोबत हमीदाबी, क.भाईंची बायको. गाडीत चढताना मलाच म्हणाली, “तुमी जेवून घ्या बाई.”

रविवार, १७ नोव्हेंबर

पोलीस जमादार येऊन जबान्या घेऊन गेला. लॉरीवाल्याने त्याला काय सांगितलं ते त्याने वाचून दाखवलं: मोटारसायकलला मागे दिवा नव्हता. बस, इतकंच. आधी दिसत होता, मग गेला, हे कुठे गेलं?

मला विचारलं, “मागचा दिवा लागलेला होता काय?”

मी म्हटलं, “मी पुढे तोंड करून बसते. मागचा दिवा मला दिसत नाही.”

त्याने लिहिलं, नर्सबाईंनी दिवा पाहिलेला नाही. मी सही केली. डाव्या हाताने. खोटं काही नाही त्यात. तरी सही केल्यापासून चैन नाही.

चार वर्षं क.भाईंच्या शेजारी बसून हिंडते आहे. नाल्यांतून, रेतीतून, एकदा तर अस्वल रस्त्यात बसलेलं असताना. कधी घाबरवलं नाही त्यांनी मला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दवाखाना चालवणाऱ्या कमिटीच्या सेक्रेटरींचं पत्र चांद्याहून. दिवा न लावता गाडी चालवली असे दिसते, सबब निर्णय होईपर्यंत चालकास कामावर घेऊ नये. निर्णय प्रतिकूल झाल्यास त्यास क्वार्टर रिकामे करावे लागेल, हेही.

डॉ.सा. पत्राची घडी घालत राहिले. म्हणाले, “पाय मोडलेला माणूस कामावर येणार तरी कसा? कशाला लिहितात असं?”

चांद्याहून निरोप: क.भाईंचं हाड बसवलं, प्लास्टर घातलं. ताप नाही. देवाची कृपा म्हणायची आणि त्या डॉक्टरांची.

बुधवार, २० नोव्हेंबर

सूज उतरली. पेन्सिल उजव्या हातात धरता येते.

बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागलाय. त्यांचा मशीनवाला आज ओपीडीत आला. व्यंकय्या नाव, सिरोंच्याकडचा, पन्नाशीचा असेल. इंजिनाच्या गरम नळीवर तळवा भाजलेला. तीन दिवस त्यावर काय काय लावून पिकवून ठेवलेला. साफ करताना डोळ्यांतून नुसतं पाणी. मला अम्मा म्हणतो. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा.

रोज पट्टीला ये म्हणून सांगितलंय.

नागभीडहून दादाचं पत्र. वहिनी घाबरली आहे, हे जंगलातलं हिंडणं पुरे कर, घरी ये, इथे शाळेत शिवणाची जागा आहे. वाचून बरं वाटलं. उत्तर मात्र दिलं नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

पट्टी झाल्यावर व्यंकय्या व्हरांड्यात आमच्या गाडीपाशी थांबला. बंडीवाल्यांनी आणून टाकल्यापासून गाडी तशीच उभी. हँडल वाकडं, साइडकारचा पत्रा चेपलेला, मागची औषधांची लाकडी पेटी मात्र शाबूत. त्या पेटीवरच मागचे दिवे आहेत. पेटी इतकी मोठी की गाडीचा मूळ दिवा तिच्याआड झाकला जायचा, म्हणून तो काढून पेटीच्या पाठीवर लावलेला. एक लाल, एक ब्रेकचा, एक नंबर-पाटीवरचा. आणि चौथा पेटीच्या झाकणावरचा पांढरा, माझ्यासाठी.

मी त्याला अपघाताचं सांगितलं. लॉरीवाल्याचं बोलणंही सांगितलं, टिपका दिसला मग गेला. तो एकदम म्हणाला, “अम्मा, बटण दाब.”

बॅटरीत थोडा जीव होता. लाल दिवा लागला. मी म्हणाले, “पाहा, लागतो की.”

“आता पायाचा ब्रेक.”

दाबला. लाल दिवा मंदावला. ब्रेकचाही नुसता तांबूस.

“आता तो पांढरा.”

पांढऱ्याचं बटण साइडकारमध्ये आहे, माझ्या हाताशी. लावलं. आणि चारही दिवे राखेतल्या निखाऱ्यासारखे झाले. ब्रेकवर व्यंकय्याला उभं करून चार पावलं मागे जाऊन पाहिलं. काही दिसेना. ब्रेक सोडला, पांढरा बंद केला, लाल दिवा पुन्हा चांगला लागला.



व्यंकय्याने खाली वाकून पेटीच्या मागून एक बारीक तार बोटाने ओढून दाखवली. वरचं रबर वितळून काळं पडलेलं. “अर्थ नाही,” म्हणाला.

मी म्हटलं, “कशाला अर्थ नाही?”

तो हसला. मग त्याच्या तेलुगू-हिंदी-मराठीत समजावून सांगितलं. वीज दिव्यात जाते, काम करते, मग तिला परत यायला रस्ता लागतो. गाडीच्या लोखंडातून ती परत येते, त्याला अर्थ म्हणतात. पण पेटी लाकडाची. म्हणून दिव्यांपासून लोखंडापर्यंत तार टाकावी लागली. “चार दरवाजाने पब्लिक तंबूत आला अम्मा. बाहेर जायला एकच फट ठेवली. एक माणूस असला तर जातो. चार लाइन आल्या तर अटकते.” त्या एका बारीक तारेवर चारही दिव्यांचा भार. शिवाय तिचं टोक रंगावरच स्क्रूने दाबलेलं, खाली गंज.

मग त्याने खिशातून जाड तारेचा तुकडा काढला. एक टोक दिव्याच्या पितळेला, दुसरं गाडीच्या खरवडलेल्या नळीला. मी ब्रेक दाबून चारही दिवे लावून ठेवले होते. तार टेकताच चारही लख्ख झाले. तार उचलली, गेले. टेकवली, आले.

भर दुपार होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तो लाल दिवा अजून आहे. क.भाई खरं बोलत होते. निघताना त्यांनी पाहिला तेव्हा तो लागलेलाच होता.

शनिवार, २३ नोव्हेंबर

काल लिहिताना एक गोष्ट लिहिली नाही. आज लिहिते.

त्या संध्याकाळी पेटीत काचेची किणकिण ऐकू आली. इंजेक्शनच्या कुप्या सुटल्या असं वाटलं. मी पांढऱ्या दिव्याचं बटण लावलं आणि मागे वळून झाकण उचलून पाहिलं. कुप्या ठीक होत्या. झाकण टाकलं, पुढे वळले. बटण बंद केलं नाही. मग बंड्या आल्या, क.भाईंनी ब्रेक दाबला.

रबर जळाल्याचा वासही आला होता. मला वाटलं टायर.

आणि तो दिवाही माझ्याच हट्टाने आला. ऑगस्टमध्ये एका झोपडीत चिमणीच्या उजेडात टाके घालावे लागले, तेव्हा मी क.भाईंच्या मागे लागले होते. पेटीवर दिवा पाहिजे, लांब वायरचा, काढून आत नेता येईल असा. आजच पाहिजे म्हणाले होते.

जमादाराने विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही, हे खरं. आता ठाऊक झाल्यावर नाही सांगितलं तर?

रविवार, २४ नोव्हेंबर

व्यंकय्याने सकाळपासून गाडीवर काम केलं. भाजलेला हात वर धरून, एका हाताने. दुसरा हात माझा. म्हणजे दोघांचे मिळून दोन चांगले हात.

प्रत्येक दिव्याला स्वतःची तार. जाड, टॉकीजच्या सामानातली. लाल दिव्याची तार थेट बॅटरीपर्यंत नेली, वाटेत कशाचा भरवसा नको म्हणून. बाकीच्या गाडीच्या नळीवर. जिथे बोल्ट बसणार तिथला रंग त्याने माझ्याकडून खरवडून घेतला. लोखंड चांदीसारखं होईपर्यंत थांबू देईना. “अजून अम्मा. अजून.” मग दातेरी वायसर, मग बोल्ट. वरून पाणी लागू नये म्हणून काही चोपडायला हवं होतं, मी दवाखान्यातलं व्हॅसलीन दिलं. ते पाहून फार खूश झाला. पांढऱ्या दिव्यात त्याने कमी ताकदीचा बल्ब घातला. माझ्या कामाला तेवढा पुरतो, लावून पाहिला.

जुनी तार मी फेकू दिली नाही. स्क्रूसकट कागदात बांधून ठेवली.

तू इतकं का करतोस, असं विचारलं. तो म्हणाला, त्याची बायको सिरोंच्याला पहिल्याच बाळंतपणात गेली. पूर होता, कुणी येऊ शकलं नाही. मग पान्याला व्हॅसलीन लागलं होतं ते पुसत बसला.

रविवार, १ डिसेंबर

क.भाई आले. बंडीत गादी घालून, प्लास्टरचा पाय पुढे. दवाखान्यातल्या सगळ्यांनी बाहेर येऊन पाहिलं. वाळले आहेत. हसले मात्र तसेच.

दुपारी त्यांच्या घरी गेले. हमीदाबीने चहा ठेवला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तार, भार, बटण, काचेचा आवाज. दिवा मी मागितला होता, बटण मी लावलं होतं, जमादारापुढे मी गप्प बसले.

क.भाई म्हणाले, “बाई, तुमी काऊन रडून राह्यल्या? ती तार कोनं जोडली?”

“तुम्ही. पण मी…”

“मंग? घंटीची तार होती ती. दवाखान्याच्या घंटीची उरलेली. मले माहीत होतं बारीक हाय. चांद्याहून जाडी आणू, मंग बदलू म्हटलं. एक गेला, दोन महिने गेले. इसरलो.” मग पायाकडे पाहून, “मी बी जमादाराले तारेचं बोललो नाई. लाज वाटली.”

हमीदाबी चुलीपासून म्हणाली, “झालं दोघायचं? च्या थंडा होऊन राह्यला.”

असा चहा मी पूर्वी कधी प्यायले नाही. आलं घातलेलं होतं त्यात, एवढंच कारण असेल.

निघताना क.भाईंनी हाक मारली. “बाई, पर त्या दिव्यानं काम भलं केलं ना? त्या कुनघाड्याच्या बाईचं. दिवा नसता तर गेली असती ती.”

खरं आहे. त्याच दिव्याच्या उजेडात तिचा रक्तस्राव थांबवता आला होता. विसरलेच होते मी.

मंगळवार, ३ डिसेंबर

टॉकीजचा तंबू उठला. व्यंकय्या सकाळी निरोप घ्यायला आला. तळवा भरत आलाय, नवी गुलाबी कातडी. पट्टीचा कपडा आठ दिवसांचा बांधून दिला. त्याने मला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं: दिवा मंद झाला तर आधी काय पाहायचं? अर्थ. कुठे? बोल्टखाली. कसं असायला पाहिजे? चकचकीत. पास झाले.

पाया पडायला गेले तर दोन पावलं मागे सरला.

गुरुवार, ५ डिसेंबर

नवी जबानी स्वतः लिहिली. तीन पानं. बटणाचंही लिहिलं, दिव्याच्या हट्टाचंही. क.भाईंनी सांगितल्याप्रमाणे तारेचं त्यांच्या शब्दांत, खाली त्यांची सही.

डॉ.सा. चष्मा काढून म्हणाले, “इंदूबाई, हे पाठवलंत तर कमिटी तुम्हालाही विचारेल. करीमसाठी दुसरा काही मार्ग काढता येईल.”

“विचारू द्या, साहेब.”

त्यांनी जबानी पुढे ओढली. मग टाक घेऊन स्वतः खाली दोन ओळी लिहिल्या: गाडीची तपासणी करवून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, ती मी केलेली नाही. सही.

ते म्हणाले, “आता पेशंट पाठवा.”

शनिवार, १४ डिसेंबर

सेक्रेटरी आले. पांढरे कपडे, धुळीने लाल झालेले, त्यामुळे आधीच रागात. म्हणाले, “जबानी वाचली. दिवा आपोआप विझतो आणि आपोआप लागतो, हे कमिटीला कसं पटवायचं?”

व्यंकय्या हवा होता असं वाटलं. मग म्हटलं, नाही तर नाही. गाडी व्हरांड्यातच होती. मी कागदातली जुनी तार काढली, नव्या चारही तारा सोडल्या आणि जुनी लावली. गंजलेल्या स्क्रूसकट. स्क्रू बसला. सेक्रेटरी खुर्चीत बसून पाहत होते, मग उठले, मग वाकले.

त्यांना म्हटलं, साहेब, तुम्ही लॉरी आहात असं समजा. वीस पावलं मागे उभे राहा. ते गेले, डॉ.सा. गेले, ओपीडीतली मंडळीही गेली. क.भाई कुबड्यांवर दारात.

लाल दिवा लावला. “दिसतो,” सेक्रेटरी म्हणाले.

पांढरा लावला. ब्रेक दाबला.

मग मागून एका म्हातारीचा आवाज, “गेला ना वं!”

सेक्रेटरी पुढे आले, स्वतः ब्रेक दाबून पाहिला. तीनदा. जळक्या रबराचा वास घेतला. मग म्हणाले, “नव्या तारांनी दाखवा.” दाखवलं. हाताने ब्रेक दाबत राहिले तेवढा वेळ, आणि दिवे काही मंद होईनात.

जेवताना मऊ झाले होते. पण शब्द दिला नाही. “दिवा लागला होता हे मान्य. पण तार बारीक आहे हे चालकाला माहीत होतं, हेही त्यानेच लिहिलंय. आणि आता तो पाय. कमिटीपुढे ठेवतो.” मला वेगळं म्हणाले, “तुम्ही हे लिहायला नको होतं, बाई.” रागाने नाही.

ते गेल्यावर नव्या तारा पुन्हा बसवल्या. खरवडलं, वायसर, बोल्ट, व्हॅसलीन. क.भाई दारातून, “आणखी आवळा. आणखी.”

बुधवार, १ जानेवारी १९५८

दादाला उत्तर लिहिलं. येत नाही म्हणून. वहिनीला वाईट वाटेल. त्यांनी बोलावलं याचं मला किती बरं वाटलं तेही लिहिलं, ते पूर्वी कधी लिहीत नसे.

आजकाल दौरे बंडीने. पोचायला उशीर होतो. परवा एका ठिकाणी मी पोचायच्या आधीच मूल झालेलं. सुईणीने सगळं छान केलं होतं, मला फक्त गूळपाणी मिळालं. पण दर वेळी असं होणार नाही.

सोमवार, १३ जानेवारी

क.भाईंचं प्लास्टर निघालं. पाय काठीसारखा बारीक, बोटभर आखूड. डॉ.सा. म्हणाले, हाड पक्कं जुळलंय, मांस भरेल, लंगडणं राहील.

क.भाईंनी पायाला हात लावला आणि म्हणाले, “हा माझाच हाय ना?” सगळे हसलो. हमीदाबी आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं.

क्वार्टरचं काय, हे तिने एकदाही विचारलेलं नाही मला. सामान मात्र पेटाऱ्यात भरून ठेवलंय, परवा दिसलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

चांद्याच्या मिस्त्रीने हँडल सरळ करून दिलं. गाडी उभी आहे, चालवणारा नाही. डॉ.सा.नी मंगळवारी स्वतः प्रयत्न केला. कुंपणापर्यंत गेले. कुंपण पुन्हा बांधावं लागेल.

कमिटीची बैठक दोनदा पुढे गेली.

क.भाई रोज दुपारी गाडीवर बसतात. साइडकार असल्याने गाडी पडत नाही, तोल धरावा लागत नाही, हे त्यांच्या बाजूचं. अडचण एवढीच की किक आणि गिअर दोन्ही उजव्या पायाने. गिअर जमतो म्हणतात, दुखतं पण जमतो. किक बसत नाही. पायात जोर नाही तेवढा.

आज मी म्हटलं, किक मी मारते.

“तुमी? लुगडं नेसून?”

पदर खोचला. पहिल्या किकला पायाने उलटा फटका खाल्ला. दुसरीला काही नाही. तिसरीलाही. हमीदाबी म्हणाली, “चपला काढा बाई.” काढल्या. पाचव्या किकला इंजिन धरलं. धुराचा लोट, कोंबड्या पळाल्या. क.भाईंनी गाडी आवारात एक फेरी फिरवली, हळू, ओठ घट्ट मिटून. डॉ.सा. खिडकीत आले होते. बघून आत गेले. त्यांनी पाहिलं नाही असं आम्ही धरून चाललो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

घोटच्या पलीकडे आहे, माडियांच्या एका पाड्यात. झोपडीबाहेर बाजेवर बसून लिहिते. दुपारचे चार.

सकाळी नऊला माणूस आला. धावत आलेला. रात्रीपासून अडलेली, बाळाचा हात पुढे. बंडीने गेलं तर दुपार. डॉ.सा. गडचिरोलीला निघायच्या तयारीत, तिथे त्यांचं ऑपरेशन ठरलेलं. आणि नेमकं त्याच वेळी टपाल आलं. कमिटीचं पाकीट. लांबट, शिक्का मारलेलं, सगळ्यांनी ओळखलं.

डॉ.सा.नी ते हातात धरलं. उलटं केलं. क.भाई गाडीपाशी उभे, काठीला टेकून. हमीदाबी घराच्या दारात. कुणी जवळ आलं नाही.

उघडलं असतं तर, आत काहीही असो, त्यांना त्याप्रमाणे वागावं लागलं असतं.

डॉ.सा.नी पाकीट तसंच कोटाच्या आतल्या खिशात घातलं. वर बटण लावलं. म्हणाले, “करीम, काळोख व्हायच्या आत परत ये. पत्र संध्याकाळी वाचू.”

मी चपला काढल्या. दुसऱ्या किकला इंजिन लागलं.

वाटेत क.भाई गिअर बदलताना दर वेळी श्वास ओढत होते. मोहाच्या झाडापाशी, जिथे लॉरी टेकली होती, झाडाची साल निघाली आहे, तिथे वेग कमी केला, मग पुन्हा वाढवला. सव्वा तासात पोचलो. बंडीने गेलो असतो तर, हे लिहायला नको.

बाळ आत फिरवावं लागलं. झोपडीत उजेड नव्हता. पांढरा दिवा लांब वायरीने आत घेतला, क.भाईंनी बाहेरून इंजिन चालू ठेवलं. मुलगा. आधी निळा होता, मग रडला. आई थकली आहे पण डोळे उघडून आहे, तिने आत्ताच पेज मागितली. सासूने माझ्या हातात मोहाची सुकी फुलं ठेवली, मूठभर. काय बोलली ते गोंडीत, मला कळलं नाही. क.भाईंना थोडी येते. ते म्हणाले, “तुमाले पुन्हा या म्हणते. आन मले बी.”

वार पडून तास झाला. रक्तस्राव नाही. अजून अर्धा तास थांबते, मग निघू. क.भाई गाडीमागे जाऊन दिवे तपासून आले, ब्रेक दाबायला मला बसवलं होतं. चारही नीट आहेत. आता ते बाजेच्या दुसऱ्या टोकाला पाय लांब करून बसलेत आणि पोटरी चोळताहेत. मी विचारलं, काय असेल पत्रात?

म्हणाले, “अर्ध्या तासानं निघू म्हणता ना बाई? मंग अर्धा घंटा झोपतो मी.”

आणि खरंच झोपले.